डोहाळ्याची माती

शैलाबाईंनी एक गोष्ट पक्की ठरवून ठेवली होती: आपल्या सुनेचा एकही डोहाळा अपुरा ठेवायचा नाही. बाकी सासू म्हणून त्या काही देवमाणूस नव्हत्या. पोळी जाड झाली तर बोलायच्या, सून माहेरी फोनवर फार वेळ बोलली तर भांडी जरा जोरात आपटायच्या. पण डोहाळ्यांचं वेगळं. त्यांच्या स्वतःच्या वेळी सासूने कैरीची फोड हातातून काढून घेतली होती, "घसा धरेल" म्हणून. पुढे नीरज झाला आणि त्याचा कान सहा महिने फुटत राहिला. डोहाळा राहिला की पोराचा कान फुटतो, हे शैलाबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी तो कान स्वतःच्या हाताने पुसला होता.

रुचिताला चौथा महिना लागला तो ऑक्टोबरात. शांती नगरमध्ये त्यांच्या घरासमोर नवी बिल्डिंग उठत होती. मीरा रोडला २००६ साली कुठे उठत नव्हती म्हणा. रोज सकाळी बिगारी ताज्या प्लास्टरवर पाइपाने पाणी मारायचे आणि रुचिता बरोबर त्याच वेळी गॅलरीत जाऊन उभी राहायची. एक दिवस शैलाबाई कपडे वाळत घालायला गेल्या, तर सून डोळे मिटून वास ओढतेय.

"काय गं?"

"आई, हसू नका. मला ती भिंत चाटावीशी वाटतेय."

शैलाबाई हसल्या नाहीत. त्यांना उलट भरूनच आलं. "वेडे, यात लाजायचं काय? माती हवीय तुला. नीरजला मात्र बोलू नकोस. बाईचे डोहाळे पुरुषांना कशाला सांगायचे? त्यात तो पाणीसुद्धा दोनदा उकळून पिणारा."

त्याच दुपारी त्या रिक्षा करून भाईंदर पूर्वेला गेल्या. स्टेशनजवळच्या गल्लीत पूजेच्या सामानाचं एक चिंचोळं दुकान होतं. तिथे धूप, गुग्गुळ आणि मुलतानी मातीच्या मागे एका बरणीत भाजक्या मातीचे चपटे तुकडे असायचे. दुकानदाराने त्यांना पाहताच बरणी खाली घेतली.

"एक पाव, भाभी? हमेशा जैसा?"

"आज आधा किलो देना. बहू को दिन गये हैं."

आता 'दिवस गेले'चं हिंदी असं होत नाही, पण भाईंदरला चालतं. दुकानदाराने हसून दोन तुकडे वर टाकले.

'हमेशा जैसा' का, तर शैलाबाई स्वतः ती माती अठ्ठावीस वर्षं खात होत्या. नीरजच्या वेळी कैरी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी परळच्या चाळीत चुलीमागच्या भिंतीचा पोपडा काढून तोंडात टाकला होता, आणि जो जीव शांत झाला तो झालाच. बाळंतपण संपलं, माती सुटली नाही. कुणी सुपारी खातं, कुणी मिश्री लावतं, आपली ही एक खोड, असं त्या मनाशी म्हणायच्या. नवरा ईश्वर, पोस्टात नोकरी, सरळ माणूस. त्याला बायकोच्या पर्समध्ये काय असतं ते एकदाही दिसलं नव्हतं.

तर असं सासू-सुनेचं गूळपीठ जमलं. सिल्व्हर पार्कला डॉक्टर सुचेता यांचं सहा खाटांचं प्रसूतिगृह होतं, तिथे रुचिताचं नाव घातलेलं. पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन नऊ आलं आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांची जबाबदारी शैलाबाईंनी घेतली. रोज जेवणानंतर न चुकता त्या गोळी आणि पाणी घेऊन सुनेपुढे उभ्या. रुचिता तोंड वेंगाडायची. "जिभेवर गंजल्यासारखं होतं हो, उलटीच येते." मग शैलाबाई काय करायच्या, तर गोळी पोटात गेली रे गेली की वर मातीचा एक तुकडा द्यायच्या. तोंडाची चव जायची, उलटी थांबायची. एकही गोळी वाया गेली नाही. रिकामी पाकिटं त्यांनी जपून ठेवली होती, डॉक्टरांना दाखवायला.

सहाव्या महिन्यात रक्त पावणेआठ आलं, आठव्यात साडेसहा.

तिथून शैलाबाईंची झोप उडाली. पोरगी दिसतच होती ना. एका जिन्यावर दोनदा बसायची. नखं चमच्यासारखी खोलगट झालेली, ओठ आणि गाल एका रंगाचे. सकाळी उजेडात ती केस विंचरायला बसली की शैलाबाईंना आपली थोरली बहीण उर्मिला दिसायची. उर्मिला बाळंतपणातच गेली होती. शेवटी तिच्या कपाळावरचं कुंकू तेवढं लाल होतं, बाकी सगळी पांढरीफटक. तेव्हा शैलाबाई सोळा वर्षांच्या होत्या. इतक्या वर्षांनी तोच रंग आपल्या स्वयंपाकघरात फिरतोय, हे बघून त्या तोंड फिरवायच्या. मनात आलेलं त्या कुणाला सांगत नव्हत्या. वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.

डॉक्टरही चक्रावल्या होत्या. "गोळ्या खरंच रोज घेते?"

शैलाबाईंनी पिशवीतून पाकिटांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"मग वाढायला हवं होतं." डॉक्टरांनी कागदावरून नजर उचलली. "रुचिता, माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काही खात नाहीस ना?"

रुचिताने सासूकडे पाहिलं. शेजारच्या खुर्चीत नीरज बसला होता. शैलाबाईंच्या तोंडातून शब्द बाहेर पडले ते असे: "छे हो. घरचंच सगळं खाते."

एवढं बोलून त्या मोकळ्या झाल्या. म्हणजे, आपण मोकळ्या झालो असं त्यांना वाटलं. मातीने काही होत असतं तर आपण अठ्ठावीस वर्षं कशा उभ्या राहिलो? नीरज धडधाकट झालाच की. आणि आता सुनेसमोर, मुलासमोर, डॉक्टरसमोर कुठे उघडं पडायचं? झाकली मूठ बरी.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग मला दुसरा विचार करावा लागेल. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही म्हणजे थॅलेसेमिया असू शकतो, किंवा रक्त तयार होतं तिथेच काही बिघाड. दोघांचीही तपासणी करू. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर बाळाला त्रास होऊ शकतो. रिपोर्ट यायला दहा दिवस लागतात. तोवर मी लोहाची सुई देणार नाही; भलत्या रोगात लोह वाढलं तर उलटा अपाय."

ते दहा दिवस त्या घराने कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. नीरज ऑफिसातून यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. एकदा शैलाबाईंनी त्याला बायकोला विचारताना ऐकलं, "बाळाला आयुष्यभर रक्त चढवावं लागलं तर गं?" रुचिता रडत होती. दाराआड शैलाबाई उभ्या होत्या. सांगून टाकावं, असं ओठांवर आलं. पण काय सांगायचं? की मी डॉक्टरांशी खोटं बोलले? आणि मातीचा काही संबंधच नसला तर? नुसतीच शोभा. त्या स्वयंपाकघरात गेल्या, डबा उघडला आणि स्वतःच एक तुकडा तोंडात टाकला. भीती वाटली की त्यांना माती जास्तच लागायची.

रिपोर्ट शुक्रवारी येणार होता. गुरुवारी सकाळी नऊ वाजता रुचिताच्या कळा सुरू झाल्या, दिवस भरायला अजून अडीच आठवडे असताना.

प्रसूतिगृहात पोहोचताच डॉक्टरांनी आधी बोटातून रक्त घेतलं. पाच पूर्णांक सहा. त्यांनी नीरजला आणि ईश्वरना बाजूला घेतलं, शैलाबाई त्यांच्या मागोमाग गेल्याच.

"मोठ्या हॉस्पिटलला हलवायला वेळ नाही, वाटेतच बाळंत होईल. हिच्या अंगात इतकं कमी रक्त आहे की नेहमीचा बाळंतपणाचा स्रावसुद्धा हिला झेपणार नाही. हृदय थकतंय. दोन बाटल्या रक्त ताबडतोब हवं, आणि तेही हळूहळू चढवावं लागेल. ब्लड बँकेला मी फोन करते. बदल्यात दोन रक्तदाते घेऊन जा."

नीरजला मागच्याच वर्षी कावीळ झालेली, त्याचं रक्त चालणार नव्हतं. ईश्वर पुढे झाले. "एक मी."

"दुसरी मी," शैलाबाई म्हणाल्या. त्यांना बरंच वाटलं. सुनेसाठी अंगातलं रक्त द्यायला मिळालं, तर मनावर जे काही बसलं होतं ते जरा हलेल, असा त्यांचा हिशेब.

ब्लड बँक दहा मिनिटांवर, एका शॉपिंग सेंटरच्या पहिल्या मजल्यावर होती. पंढरीनाथ नावाचा तिथला तंत्रज्ञ, केस पिकलेला, चष्मा नाकाच्या टोकावर. टेबलावर निळ्याशार पाण्याची बरणी. त्याने ईश्वरच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा एक थेंब त्या पाण्यात सोडला. थेंब दगडासारखा तळाला गेला.

"हे मोरचुदाचं पाणी," ईश्वर वाकून बघत होते म्हणून पंढरीनाथने सांगितलं. "रक्त चांगलं असलं की जड असतं, बुडतं. जा काका, झोपा त्या खाटेवर."

मग शैलाबाईंचं बोट. थेंब पडला, थोडा आत गेला, आणि वर आला. पाण्यावर तसाच राहिला, फिकट, गोल. पंढरीनाथने दुसरं बोट घेतलं. दुसरा थेंबही तरंगला. त्याने मशीनवर आकडा काढला आणि चष्मा वर सरकवला.

"मावशी, सात आहे. तुम्हालाच रक्त चढवायची पाळी. चक्कर येत नाही? दम लागत नाही?"

"वयाचं असेल."

"पन्नास हे काय वय झालं?" त्याने त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आवाज खाली आणला. "एक विचारतो, रागावू नका. रोज अशा दोन-चार बायका येतात इथे. माती खाता का?"

शैलाबाईंनी पर्स जवळ ओढली.

"ती पोटात गेली की लोहाला धरून बसते, मावशी. अन्नातलं असो की गोळीतलं, अंगाला लागूच देत नाही, तसंच बाहेर काढते. आणि अंगातलं लोह कमी झालं की मातीची ओढ आणखी वाढते. असं ते चक्र. डोहाळे म्हणतात बायका, पण बऱ्याचदा तो आजारच मागत असतो."

गोळी, आणि गोळीवर तुकडा. गोळी, आणि गोळीवर तुकडा. पाच महिने, एक दिवस न चुकता, स्वतःच्या हाताने. शैलाबाई प्रेमाने सुनेचे लाड करत नव्हत्या, तिच्या तोंडातून औषध काढून घेत होत्या. माती रुचिताने खाल्ली असेल, पण खरी माती खाल्ली ती सासूने. आणि वर डॉक्टरांच्या तोंडावर खोटं बोलून सुईसुद्धा अडवली.

"दुसरी बाटली?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"देतो. दाता उद्या पाठवा. बाई अडली असताना मी काय अडून बसणार?"

ईश्वरचं रक्तदान झालं, बाटल्या जुळवून मिळाल्या. रिक्षात बर्फाचा डबा मांडीवर घेऊन शैलाबाई बसल्या होत्या. ईश्वर काहीतरी बोलत होते, त्यांना ऐकू येत नव्हतं. सांगितलं तर नीरज तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर? रक्त तर मिळालंच आहे, कुणाला कधी कळणारही नाही. पण डॉक्टर आत दुसराच रोग धरून बसल्यात. चुकीचा रोग धरून चुकीचं काही केलं आणि पोरगी गेली, तर उर्मिलासारखी तिलाही तिरडीवर बघायचं, आणि आपण तोंड मिटून हळदीकुंकू लावायचं?

प्रसूतिगृहात डॉक्टर दारातच उभ्या होत्या, हातमोजे चढवलेल्या. नीरज शेजारी. डबा नर्सच्या हातात दिला आणि शैलाबाई म्हणाल्या, "डॉक्टर, ती माती खाते. चौथ्या महिन्यापासून. मीच आणून देते. गोळी दिली की लगेच वर तुकडा द्यायचे. त्या दिवशी मी खोटं बोलले."

आतून रुचिताचा कण्हण्याचा आवाज येत होता.

डॉक्टर म्हणाल्या, "हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं." आणि नर्सकडे वळल्या. "बाळ बाहेर आलं की नाळ लगेच कापायची नाही. दोन-तीन मिनिटं थांबायचं, तेवढंच वारेत राहिलेलं रक्त बाळाकडे जाईल. आणि नाळेतलं रक्त लोहाचा साठा तपासायला लॅबला पाठवायचं." दार बंद झालं.

नीरज बाकावर बसला. आईकडे न बघता त्याने विचारलं, "माझ्या वेळेला पण तू खात होतीस?"

"हो."

"आणि आता?"

"आता पण."

तो उठून खिडकीशी गेला. ईश्वर कधी बायकोकडे, कधी मुलाकडे बघत राहिले. हा माणूस अठ्ठावीस वर्षं त्याच घरात जेवत होता.

मग नुसती वाट बघणं. नर्स बाहेर यायची, कापूस घेऊन आत जायची. एकदा तिच्या हातातल्या ट्रेमध्ये लाल भिजलेला कापडाचा बोळा दिसला आणि शैलाबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या देवाला म्हणत होत्या, माझं घे. मग त्यांना आठवलं की आपल्याकडे द्यायला तेही नाही, ते पाण्यावर तरंगतं. दोन वाजले, अडीच वाजले. आतला कण्हण्याचा आवाज थांबला होता, बाळाचा आवाज आला नव्हता. त्या मधल्या वेळात नीरज येऊन आईच्या शेजारी बसला आणि दोघंही त्या दाराकडे बघत राहिली.

मग बारीक रडणं ऐकू आलं. मांजराच्या पिलासारखं, पण आलं.

मुलगी. दोन किलो शंभर. रुचिताला स्राव झाला, नाडी दोनदा घसरली, एक इंजेक्शन, दुसरं इंजेक्शन, पहिली बाटली, संध्याकाळपर्यंत दुसरी. सहा वाजता डॉक्टर बाहेर आल्या आणि मोजे काढत म्हणाल्या, "आहे. अजून दोन दिवस मी कुणाला काही सांगणार नाही, पण आहे."

थॅलेसेमियाचा रिपोर्ट शुक्रवारी आला. काही नव्हतं. दोघंही स्वच्छ. डॉक्टरांनी त्याच दिवशी लोहाची सुई सुरू केली.

शनिवारी नाळेच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तिघांना बसवून सांगितलं. "बाळ आईकडून मिळेल तेवढं ओढून घेतं, आई रिकामी असली तरी. म्हणून हिचं हिमोग्लोबिन बघाल तर चौदा आहे, ठीक आहे. पण पुढच्या सहा महिन्यांसाठी जो साठा घेऊन मूल जन्माला येतं, तो हिच्याकडे हवा त्याच्या चौथाईसुद्धा नाही. आज दिसणार नाही. ती रडतेय, पितेय, सगळं छान. पण लोह नुसतं रक्ताला लागत नाही, मेंदू घडायलाही लागतं. पंधरवड्याने थेंब सुरू करू, आणि वर्ष-दोन वर्षं लक्ष ठेवायचं. बसते कधी, बोलते कधी, सगळं."

"भरून निघेल ना?" शैलाबाईंनी विचारलं.

"बहुतेक," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुमच्याही गोळ्या लिहिल्यात. लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या."

'बहुतेक' हा शब्द शैलाबाईंच्या छातीत रुतला. नात पाळण्यात झोपली होती, मुठी आवळून. त्या तिच्याकडे बघायच्या आणि त्यांना वाटायचं, हिच्यातलं नेमकं काय आपण काढून घेतलं ते आपल्याला कधी कळणारच नाही. ती उशिरा चालली तर त्यामुळे का? पाढा चुकली तर त्यामुळे का? आता आयुष्यभर हे बघत बसायचं.

त्या दुपारी वॉर्डात दोघीच होत्या. रुचिताच्या ओठांना जरासा रंग आला होता. तिने सासूचा हात धरून जवळ ओढला.

"आई, आहे का हो थोडी?"

"काय?"

"तीच. एक तुकडा. नुसता वास दिलात तरी चालेल. कालपासून डोकं फिरलंय माझं. मला कळतंय सगळं, डॉक्टरांनी सांगितलंय, तरी हवीय. प्लीज. कुणाला कळणार नाही."

"नाही," शैलाबाई म्हणाल्या. सुनेला त्या असं पहिल्यांदाच म्हणत होत्या.

रुचिता रडायला लागली. लहान मूल हट्टाने रडतं तशी, आवाज न करता, हात न सोडता. शैलाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. आणि फिरवता फिरवता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याच तोंडाला पाणी सुटलंय. जिभेखाली, गालांत, इतकं की गिळावं लागलं. रिक्षाने भाईंदर पूर्व दहा मिनिटं, पाच मिनिटं दुकानात, दहा मिनिटं परत. डोक्यात हे गणित आपोआप मांडलं गेलं होतं. नात पाळण्यात होती, सून मरणाच्या दारातून परत आली होती, सगळं डोळ्यांसमोर होतं, तरी पाय उठायला बघत होते. इतक्या दिवसांत त्या पुष्कळदा घाबरल्या होत्या, पण अशा नाही. आता त्या स्वतःला घाबरल्या.

नीरज डबा घेऊन दारात आला. बायको रडतेय हे बघून थबकला. आईशी तो कामापुरतंच बोलत होता. "काय झालं? काय मागतेय ती?"

"माती मागतेय," शैलाबाई म्हणाल्या. "मलाही हवीय. तू आज ऑफिसला, घरी, कुठे जाऊ नकोस. इथे बस. आम्हा दोघींना एकटं सोडू नकोस."